मामाच्या मशीनचं नाक

फाल्गुन लागला की आमच्या हर्सूलच्या गल्लीत तारांना लागलेल्या फांद्या उतरवायला माणसं येतात. एक शिडी, एक दोरी आणि एक मशीन. मशीन आधी खोकतं. एकदा, दोनदा. मग किंचाळतं, आणि फांदीत शिरलं की त्याचा आवाज एकदम जाड होतो. मी घरात कुठेही असलो तरी त्या जाड आवाजावरून ओळखतो, हा कडुलिंब, ही सुबाभूळ. थोड्या वेळानं खिडकीतून वास येतो. पेट्रोल, जळकं ऑइल आणि त्यावर कडुलिंबाच्या ओल्या भुशाचा कडवट दर्प. बायको खिडकी लावायला उठते, मी म्हणतो, राहू दे. आणि दोन मिनिटांनी मीच जाऊन ती लावतो.

यंदाही ते आले. चहाचा कप घेऊन मी फाटकाशी उभा होतो. शिडीवरच्या माणसाच्या मशीनचं नाक सारखं खाली जात होतं आणि दर वेळी तो डाव्या मनगटानं ते वर आणत होता. एका फांदीवरून दुसरीवर जाताना मनगटाचा एक छोटासा हिसका. त्याला स्वतःलाही ते कळत नसावं. 'दादा, हलकी पट्टी टाकून बघा', हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. दुकानात दिवसातून चार वेळा मी ते बोलतो. पण तिथे फाटकाशी मला ते बोलता आलं नाही. चहा तसाच घेऊन मी आत आलो.

शहरातल्या एका शेती अवजारांच्या दुकानात मी नोकरीला आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, लाकूड कापायची मशीनं, त्यांची विक्री आणि दुरुस्ती. मेकॅनिकलची पदवी घेतली आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. हे वाक्य मी मुलाखतीत, अर्जांवर, गावातल्या सत्कारात पुष्कळदा म्हटलं आहे आणि दर वेळी माझी छाती जराशी पुढे आली आहे. त्या वाक्यात मामा कुठेच येत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ज्यांनी हे मशीन कधी हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मशीनच्या पोटातून एक लांब, चपटी जीभ बाहेर आलेली असते आणि तिच्या कडेनं दातेरी चेन पळत असते. त्या जिभेला दुकानात गाईड बार म्हणतात, आमच्याकडे पट्टी. साधी पट्टी म्हणजे अखंड पोलाद. हलकी पट्टी म्हणजे दोन पातळ पत्रे, मधला भाग कोरून काढलेला आणि त्या पोकळीत प्लास्टिकसारखं काहीतरी भरलेलं. लांबी तीच, चेन तीच, मशीनवर बसायची जागाही तीच. वजनात फरक तीन-साडेतीनशे ग्रॅमचा. पाव किलो साखरेच्या पुडीहून थोडा जास्त. गिऱ्हाईक हसतं. म्हणतं, एवढ्यानं काय होतंय? मग मी त्याला कोपऱ्यातला झाडू देतो. ही पुडी झाडूच्या मुठीजवळ बांधा आणि दिवसभर उचलून धरा. मग तीच पुडी टोकाला बांधा आणि धरा. गिऱ्हाईकाला पटतं.

मागे इंजिन, पुढे पट्टी आणि मधे डाव्या हाताची मूठ. तराजूच आहे तो. साध्या पट्टीनं नाक जड होतं, खाली झुकतं, आणि मनगट दिवसभर ते सावरत बसतं. हलक्या पट्टीनं तोल मुठीपाशी येतो. मनगट वाचतं, खांदा वाचतो. हे सगळं खरं आहे. मी शिकलो ते खरं होतं आणि आजही मी ते खरं म्हणूनच सांगतो. माझं चुकलं ते दुसरीकडेच.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या अंगाला. तिथे शाळा सातवीपर्यंत. सातवी झाल्यावर पुढे काय, असा विचार आई-बाबा करत होते तेव्हा कडुबा मामा एक दिवस आला आणि माझ्या कपड्यांची पिशवी उचलून मला आपल्या गावी, पिशोरला, घेऊन गेला. मामा झाडं तोडायचा. बांधावरची वठलेली बाभूळ, विहिरीवर कललेला कडुलिंब, घराच्या भिंतीत मुळं घातलेलं उंबर, जे कुणाला नको असेल ते. आधी आपल्या वडलांबरोबर दोघांनी ओढायच्या करवतीवर, आणि मी आठवीत गेलो त्या वर्षी घेतलेल्या मशीनवर. ते मशीन आणि मी एकाच वर्षी त्या घरात आलो.

पिशोरचा फाल्गुन मला आजही नाकानं आठवतो. शेतांतून आल्याची काढणी चाललेली असायची. उकरलेल्या आल्याचा ओला, झणझणीत वास सकाळच्या थंडीत गावभर पसरायचा. डोंगराकडे पळस पेटलेले. आणि संध्याकाळी मामा दारात यायचा तो वेगळाच वास घेऊन. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, मानेच्या घडीत भुसा. मामी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. "आधी झटका तिकडं. घरात झाड घेऊन येऊ नका," म्हणायची. मामा अंगणात उभा राहून शर्ट झटकायचा आणि मी तिथेच पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला असायचो. भुशाचे कण माझ्या वहीवर पडायचे. दहावीच्या भूमितीच्या वहीत तो भुसा अजून आहे. मी मधे एकदा उघडून पाहिली.

आमच्याकडे भाच्याचा मान असतो. वय कितीही असो, मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरगावी निघताना, सणाला, परीक्षेला जाताना. मी तेरा-चौदा वर्षांचा, आणि माझ्या दुप्पट-तिप्पट वयाचा हा माणूस वाकून माझे दोन्ही पाय आपल्या दोन्ही हातांनी गच्च धरायचा. नुसतं टेकल्यासारखं नाही, धरायचा. त्याचे पंजे माझ्या पावलांपेक्षा मोठे होते. मला लाज वाटायची, मी मागे सरकायचो. मामी दरडावायची, "सरळ उभा राह्य. मानाचा हायेस."

विजा चमकत असताना मामा-भाच्यानं एकत्र बसू नये, असंही मानतात. मामानं त्यात स्वतःची भर घातली होती. मामा-भाच्यानं एका झाडाखालीही उभं राहायचं नाही. सुट्टीच्या दिवशी मी भाकरी घेऊन गेलो की लांबूनच हात करायचा. "तिकडं थांब! त्या बांधाच्या पल्याड. इकडचं झाड माझं, तिकडचं तुझं." त्यामुळे मी मामाचं काम पाच वर्षं लांबूनच पाहिलं. आणि माझ्या दहावीच्या परीक्षेच्या महिन्यात तर तेही दिसलं नाही. मामानं त्या महिन्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्यापलीकडची कामं घेतली, कारण अलीकडच्या रानातून मशीनचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. हे त्यानं मला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, यंदा तिकडे झाडं जास्त निघाली.

मामाबरोबर दोरी धरायला गफूरभाई असायचे. झाड कुठे पडावं हे दोरीवर ठरतं, त्यामुळे मामा कापायला आणि गफूरभाई दोरीवर, अशी त्यांची वीसेक वर्षांची जोडी. सकाळी काम सुरू करायच्या आधी दोघांचा एक रिवाज होता. मामा बंद मशीन पुढच्या मुठीत दोन बोटं घालून लटकवायचा. मशीन हळूच पुढे झुकायचं, नाक जमिनीकडे.

"बघतंय का खाली?" मामा विचारायचा.

"देखरी, देखरी. दुल्हन के माफिक," गफूरभाई म्हणायचे, आणि मग कामाला सुरुवात.

खाली बघणारं मशीन मामाला का आवडायचं, ते मी पाहिलं होतं, पण समजून घेतलं नव्हतं. पडलेल्या खोडाचे तुकडे करताना मामा मशीन नुसतं वर नेऊन सोडायचा. जड नाक आपल्या वजनानं खोडात उतरायचं, शांतपणे, जसं तापलेलं उलथनं लोण्यात उतरतं. मामा दाबायचा नाही. "आपण कुठं कापतो?" म्हणायचा. "ते पडतं आन् कापतं. आपण फकस्त धरायचं." मग तुकडा तुटला की डाव्या मनगटाचा तो हिसका, नाक वर, आणि पुढचा तुकडा. पडणं आणि हिसका. पडणं आणि हिसका. त्या वजनाशी मामाच्या हाताचा वर्षानुवर्षांचा करार झालेला होता.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी, फाल्गुनातच, मी मामासाठी हलकी पट्टी नेली. आमच्या दुकानात ती नवीनच आली होती. पिवळा रंग, त्यावर काळी अक्षरं. कंपनीच्या माणसानं आम्हाला दिवसभराचं प्रशिक्षण दिलं होतं, आणि ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त मामाचं मनगट होतं. एसटीनं कन्नड, तिथून काळी-पिवळी जीप, पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर. मला इतका आनंद पदवीच्या दिवशीही झाला नव्हता.

मामी आधी मामावरच घसरली. "भाच्याकडून घेता व्हय? मामानं द्यायचं असतंय. लाज वाटू द्या जरा."

"म्या कुठं मागितली?" मामा म्हणाला. पट्टीला हात न लावता तो नुसता बघत होता.

"घ्यावीच लागेल, मामा," मी म्हणालो. "भाच्याचा शब्द मोडता का?"

हे मी बोललो. गमतीत बोललो, पण बोललो. भाच्याचा शब्द मामाला मोडता येत नाही हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच तो शब्द मी वापरला.

मामानं जुनी पट्टी काढली, नवी बसवली. दोन बोटांवर मशीन लटकवलं. ते झुकलं नाही. सरळ राहिलं, जमिनीला समांतर, अगदी प्रशिक्षणात दाखवलं होतं तसं.

गफूरभाईंनी मान वाकडी करून पाहिलं. "अरे, ये तो सीधा सामने देखरी. शहर की है क्या?"

सगळे हसलो. मी काटकीनं अंगणातल्या मातीत आकृती काढली. इथे इंजिन, इथे मूठ, इथे पट्टीचं वजन, हे अंतर. मामा उकिडवा बसून शाळेतल्या पोरासारखा बघत होता आणि मान हलवत होता. "लई भारी हाय," म्हणाला. मग त्यानं अंगणातल्या ओंडक्यावर एक काप घेऊन दाखवला. नाक आपोआप उतरेना, म्हणून त्यानं थोडं दाबलं. तुकडा तुटल्यावर मनगटाचा हिसका बसला आणि मशीन गरजेपेक्षा बरंच वर गेलं. मला ते दिसलं होतं. मी मनात म्हटलं, जुनी सवय आहे, जाईल.

मामानं कधी कुठल्या गोष्टीला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्याचं होय कसं ऐकू येतं आणि नाही कसं, हे मला ओळखताच येत नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांत मी पाच-सहा वेळा गेलो. दर वेळी मशीनवर पिवळी पट्टी. "कसं वाटतं, मामा?" "लई हलकं. हात दुखतच नाय बघ." दर वेळी मी समाधानानं परत यायचो. दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचो, माझा सख्खा मामा वापरतो. इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दुकानात कुणी जुनी पट्टी दुरुस्तीला आणली की तिच्या कडा आणि उडालेला रंग बघून ती किती चालली आहे हे मी सांगू शकतो. ते माझं रोजचं काम आहे. मामाच्या पट्टीचा पिवळा रंग दोन वर्षांनीही जसाच्या तसा होता. काळी अक्षरं वाचता येत होती. मला वाटलं, भाच्यानं दिलेली वस्तू म्हणून मामा जपून वापरतो.

मागच्या फाल्गुनात, नेहमीसारखा आधी फोन करून, दोन दिवसांची रजा काढून गेलो. गावाबाहेर रस्त्यालगतच्या शेतात एक मोठा कडुलिंब उतरवून आडवा पाडलेला होता आणि मामा त्याच्या फांद्या वेगळ्या करत होता. रस्त्यावरच जीपमधून उतरलो, बांधाशी आलो. मामानं नेहमीसारखा हात केला, "तिकडंच थांब!" मशीन बंद होतं, गफूरभाई काहीतरी गोणीत घालून ती चिंचेखाली ठेवत होते. मशीनवर पिवळी पट्टी चमकत होती.

मी मोबाइल काढला. दुकानात दाखवायला एक व्हिडिओ हवा होता. खऱ्या रानात, खऱ्या माणसाच्या हातात हलकी पट्टी.

वीस-बावीस सेकंदांचा तो व्हिडिओ अजून माझ्याकडे आहे. त्यात मामा एक फांदी कापतो. मग माझा आवाज येतो, मोठा, उत्साही, मला स्वतःलाच परका वाटणारा. "मामा, जरा नाक वर घेऊन दाखवा! कसं अलगद जातं ते दिसू द्या!" मामा माझ्याकडे बघून हसतो. मग पुढच्या फांदीकडे जाताना मनगटाचा तो हिसका देतो, माझ्यासाठी जरा जोरातच. जुन्या वजनाच्या मापाचा हिसका, आणि पुढे वजनच नाही. नाक वर जातं, वरच्या आडव्या फांदीला पट्टीचं टोक लागतं, आणि मशीन लाथ मारतं.

लाथ मारणं हा आमच्याकडचाच शब्द आहे. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की चेन तिथे पकडते आणि सगळं मशीन उसळून माणसाच्या अंगावर येतं. ब्रेक लागला, चेन तिथल्या तिथे थांबली, त्यामुळे काही कापलं गेलं नाही. पण मामा मागे झाला, टाच गोल ओंडक्यावर पडली, आणि तो डावा हात अंगाखाली घेऊन पडला. व्हिडिओत पुढे फक्त आभाळ आहे आणि गफूरभाईंचा आवाज. "या अल्ला. कडुबा! अबे कडुबा!"

मी बांधाच्या पलीकडे होतो. धावायला मला एक क्षण जास्त लागला, कारण पाच वर्षं पायांना तिथेच थांबायची सवय होती.

मनगट दोन जागी मोडलं होतं आणि तळव्यातलं एक हाड. कन्नडच्या दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत मामा बाकावर भिंतीला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. मधेच तो माझ्याकडे वळला.

"तुझी पट्टी वाकली तर नाय ना रे?"

संध्याकाळी मामीला त्याच्यापाशी ठेवून मी आणि गफूरभाई सामान गोळा करायला शेतात परत आलो. दोरी, पेट्रोलचा डबा, पाना. चिंचेखालची गोणी मी उचलली तर ती अपेक्षेपेक्षा जड लागली. आत जुनी पट्टी होती. तिच्यावर ओलं ऑइल होतं आणि ऑइलला चिकटलेला कडुलिंबाचा ताजा, पिवळट भुसा. त्या सकाळचा.

मी गफूरभाईंकडे पाहिलं. ते दोरी गुंडाळत होते. थांबले.

"अब कायकू झूट बोलूं, भाचेसाब," ते म्हणाले. "आपकी जीप की धूल दिखी की इनो पट्टी बदलते. हर बार. दो नट खोलना, दो नट कसना. मैं बोल्या, अरे बाबा, बोल दे ना उसको की हाथ नई बैठरा. तो बोल्या..." इथे गफूरभाई मामाचंच बोलणं मराठीत बोलले. "बोल्या, भाच्यानं आणली. त्याला काय वाटंल?"

मी गोणी खाली ठेवली. पुन्हा उचलली. ती कुठे ठेवायची हेच मला कळेना.

तेव्हापासून मी तो हिशोब मनात कितीदा तरी केला आहे. मी नसताना मामा सुरक्षित होता. मी आलो की तो धोक्यात यायचा. दोन वर्षांत पाच-सहा वेळा, रस्त्यावर धूळ दिसली की, माझ्या समाधानासाठी. त्या पिवळ्या पट्टीला काम करायचं हेच माहीत नव्हतं, तिला फक्त माझ्यासमोर यायचं माहीत होतं. आणि मी, ज्यानं मातीत आकृती काढून तोल शिकवला, त्यानं आकृतीत इंजिन काढलं, मूठ काढली, पट्टी काढली. ज्या माणसाच्या हातात ते सगळं होतं, त्याला काढायचं राहून गेलं. बारा-पंधरा वर्षं जड नाक सावरून घडलेलं मनगट हा त्या तोलाचाच एक भाग होता. मी एका बाजूचं वजन काढून घेतलं आणि दुसरी बाजू तशीच सोडली. दोन महिने रोज थोडं थोडं वापरा, सावकाश, जमिनीवरच्या लाकडावर, मनगटाला विसरू द्या, एवढं सांगायला हवं होतं. आणि मुख्य म्हणजे विचारायला हवं होतं. नाही म्हणता येईल असं विचारायला हवं होतं.

आता दुकानात मी वेगळं बोलतो. आधी माणसाला विचारतो, किती वर्षं मशीन चालवता, कुठली पट्टी, खोडं जास्त का फांद्या जास्त. मग मशीन त्याच्या हातात देतो आणि गप्प राहतो. मालक म्हणतात, तू पूर्वीसारखा माल विकत नाहीस. ते खरं आहे. पण झाडूची गोष्ट मी अजून सांगतो, कारण ती खोटी नाही. ती सांगताना मात्र मी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, मनगटाकडे बघतो.

मामाचा हात वर्षभरात बरा झाला, पण पुरता नाही. डावी मूठ वळत नाही. भाकरी मोडता येते, तांब्या धरता येतो, पण बोटं तळव्याला टेकत नाहीत. वर्षभर मशीन बंद होतं. मामा घरी बसून दुसऱ्यांच्या चेनना कानस मारून द्यायचा. गफूरभाई दुसऱ्या कुणाबरोबर गेले नाहीत, बाजारच्या दिवशी येऊन नुसते अंगणात बसायचे. फोनवर मी दर आठवड्याला विचारायचो आणि मामा दर आठवड्याला सांगायचा, "हाय बरं." त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं मी शिकलो होतो.

मागच्या आठवड्यात, गल्लीत ती माणसं येऊन गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, मी पिशोरला गेलो. या वेळी सांगायचं ठरवलं होतं. आल्याचा वास तसाच होता, पळस तसेच. मामा अंगणात होता, गफूरभाई पायरीवर. मशीन मधे ठेवलेलं, पुसून लख्ख. दोन्ही पट्ट्या गोणपाटावर शेजारी शेजारी. मी येणार हे माहीत असूनही जुनी पट्टी आत नेलेली नव्हती.

"बरं झालं आलास," मामा म्हणाला. "आज बघायचं ठरवलंय. जमतंय का नाय."

"मामा," मी उभ्याउभ्याच म्हणालो, "त्या दिवशी मी गोणीतली पट्टी बघितली होती. मला सगळं माहीत आहे. माझ्यामुळं झालं ते."

मामानं आधी गफूरभाईंकडे पाहिलं. गफूरभाईंनी आभाळाकडे.

"मंग?" मामा म्हणाला. "तू आणली व्हती. घालू नको तर काय करू? देवळात ठेवू?"

"वापरत नाही म्हणून सांगायचं होतं."

"सांगितलं असतं. पर तू मातीत चित्र काढून सांगत व्हतास." त्यानं जुन्या पट्टीवरून अंगठा फिरवला. "इतकं चांगलं मला कुणीच काय समजावून सांगितलं नव्हतं रे."

दारातून मामी म्हणाली, "आता रडू नका दोघं. मशीन बघायचंय ना? बघा."

मामानं आधी जुनी पट्टी बसवायला सांगितली. मी बसवली. त्यानं डावा हात मुठीखाली घातला आणि उचललं. नाक खाली गेलं. मनगटानं जुना हिसका द्यायचा प्रयत्न केला, पण वळत नसलेल्या बोटांत मूठ फिरली आणि टोक जमिनीवर टेकलं. त्यानं पुन्हा उचललं. पुन्हा टेकलं. तिसऱ्यांदा गफूरभाईंनीच मशीन त्याच्या हातातून हलकेच काढून घेतलं.

मग पिवळी. दोन नट सोडायचे, दोन नट आवळायचे. पाना माझ्या हातून दोनदा निसटला. मामानं उचललं. अर्धवट वाकलेल्या बोटांच्या आकड्यात मूठ अडकली आणि मशीन राहिलं. सरळ, जमिनीला समांतर. हिसका देणारी ताकद आता मनगटात उरलीच नव्हती, त्यामुळे नाक कुठेच गेलं नाही. मामानं ते एका ओंडक्यावर नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं. त्याच्या चेहऱ्यावर वर्षभर न दिसलेलं काहीतरी आलं.

"गफूर, बघ," तो म्हणाला. "भाचा खरंच सांगत व्हता. बसली बघ आता बराबर. हात तिच्या मापाचा झाला."

त्यानं हे मला टोचायला म्हटलं नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. शिकलेल्या भाच्याचं म्हणणं शेवटी खरं ठरलं, याचा त्याला आनंद झाला होता, आणि तो आनंद माझ्यापासून लपवायची त्याला गरज वाटली नाही. मी मान खाली घालून पान्यावरचं ऑइल पुसत राहिलो.

दुपारी निघताना मामानं जुनी पट्टी गोणपाटात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. "घेऊन जा. मामानं द्यायचं असतंय," म्हणाला. मामी हसली. पिशवी खांद्याला लावली तर एका बाजूला ओढ लागली, आणि मी नकळत दुसऱ्या बाजूला झुकलो.

जीप आली. मामा वाकला. उजव्या हातानं त्यानं माझं पाऊल नेहमीसारखं गच्च धरलं. डावा हात दुसऱ्या पावलावर आला आणि सपाट टेकून राहिला. बोटं मिटायला निघाली, अर्ध्यावर थांबली. तशीच त्यानं ती थोडा वेळ दाबून धरली.

मला मागे सरकायचं होतं, खाली बसून तो हात धरायचा होता. पण मामी दारातून बघत होती. मी सरळ उभा राहिलो.